बाराखोपीला नवा माणूस पाहिजे

आमच्या वस्तीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मी एक वाक्य लिहिलं. त्या एका वाक्यापायी गोरेगावच्या बाजारात लोकांनी मला ऊसतोडीचा मुकादम ठरवलं, रेल्वे पोलिसानं माझा जबाब लिहून घेतला आणि माझी बायको एक अख्खी संध्याकाळ माझ्याशी बोलली नाही. बायकोनं न बोलणं ही काय शिक्षा झाली, असं ज्यांना वाटतं ते राणीला ओळखत नाहीत. राणी भांडत असते तेव्हा घर सुरळीत चाललेलं असतं.

वाक्य असं होतं: ‘पोटापाण्यासाठी वा शिक्षणासाठी खेड्यातून येणाऱ्या आपल्या माणसाला बाराखोपीची दारं आजही सताड उघडी आहेत.’ आता यात वावगं काय आहे? स्मरणिकेत असंच लिहितात. ‘सताड’ हा शब्द मला कचेरीत जेवणाच्या सुटीत सुचला आणि तो सुचल्यावर डबा तसाच ठेवून मी पाच मिनिटं स्वतःवर खूश होतो.

बाराखोपी म्हणजे हिंगोलीत रुळांच्या पलीकडची आमची वस्ती. कागदोपत्री सिद्धार्थनगर. पण १९५४ साली बारा कुटुंबं खेड्यांतून येऊन इथं खोप्या घालून राहिली, म्हणून तोंडी नाव बाराखोपी. पुढं चाळीस वर्षं आसपासच्या खेड्यातला आपला माणूस शहरात आला की त्याचं गाठोडं पहिल्यांदा इथंच टेकायचं. माझे वडील हमालीसाठी आले ते असेच. मग १९९९ साली हिंगोली जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं साहेब आले, आणि साहेबांना राहायला खोल्या लागल्या. ज्यानं त्यानं घरावर एक मजला चढवला, खाली टाइल्स बसवल्या आणि जिन्यापाशी पाटी लावली, ‘खोली भाड्याने देणे आहे. फक्त बदलीवाले.’

मीही चढवला. आमची वरची खोली अशी झाली होती की कधीकधी मलाच तिथं जाताना चप्पल कुठं काढावी कळायचं नाही. तिला पाश्चात्त्य पद्धतीचा संडास होता. तो अजून कुणी वापरला नव्हता. एक उपअभियंता साहेब ‘ऑर्डर निघाली की येतो’ म्हणून खोली पाहून गेले होते, त्यामुळं राणीनं त्या संडासावर धुतलेला टॉवेल अंथरून ठेवला होता आणि घरातल्या कुणालाही वर फिरकू देत नव्हती.

तर छपाईला जाण्याआधी स्मरणिकेचं वाचन विहाराच्या हॉलमध्ये झालं. अध्यक्ष तातेराव गुरुजी. यांनी पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला लावलं आणि निवृत्त झाल्यावर तोच उद्योग मोठ्यांवर सुरू केला. खजिनदार आमचे शेजारी सोनाजी, विमा एजंट, दुसऱ्याच्या भवितव्याबद्दल कायम काळजीत असणारा माणूस. सचिव मी. आणि भिंतीला टेकून रुक्मामाय बसलेली. पहिल्या बारा खोप्यांतलं आता उरलेलं हे एकच माणूस, वय ऐंशीच्या पुढं, कान उंदरासारखे तिखट. मी ‘सताड उघडी आहेत’ म्हणून टाळ्यांसाठी थांबलो, तर रुक्मामाय म्हणाली, “परमोद, शेवटचं कोण आलं रे?”

“कुठं, माय?”

“सताड दारातनं.”

सोनाजीनं लगेच सांगितलं, “त्या ब्यांकेच्या मॅडम आल्या की मागच्या महिन्यात.”

“ती बदलीवर आली. तिच्यासंगं टेम्पोभर कपाटं व्हती. म्या इचारून राहिले, गाठोडं घेऊन कोण आलं?”

आम्ही बोटं मोजली, आठवणी ताणल्या. शेवटचा माणूस निघाला वारंगा फाट्याचा एक मिस्त्री. तो आला होता १९९२ साली, आणि आता त्याच्याही जिन्याशी ‘फक्त बदलीवाले’ होतं. म्हणजे बारा वर्षांत खेड्यातलं एक माणूस बाराखोपीत उतरलं नव्हतं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. हे लक्षण वाईट. “प्रमोद,” ते म्हणाले, “वाक्य खोडा, न्हाईतर खरं करा.”

आता कुणीही शहाणा माणूस वाक्य खोडेल. पण तो शहाणा माणूस सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक नसतो. अठरा वर्षं माझ्या टिपणीतला एकेक शब्द साहेब लोक खोडत आलेत. निदान विहारात तरी माझं वाक्य राहावं असं मला वाटलं. मी म्हणालो, “खरं करतो.” आणि बोलण्याच्या भरात पुढं हेही म्हणालो की महोत्सवात सगळ्यात जुन्या रहिवाशाबरोबर सगळ्यात नव्या रहिवाशाचाही शाल देऊन सत्कार करू. टाळ्या झाल्या. महोत्सव तीन आठवड्यांवर होता.

पहिल्याच रविवारी मी जीपनं गोरेगाव गाठलं. आमच्याच जिल्ह्यातलं मोठं बाजाराचं गाव, तिथं माणसांना काय तोटा, असा सोनाजीचा सल्ला. “तिथं नुसतं म्हणायचं, चला हिंगोलीला, की लाइन लागती बघा,” तो म्हणाला होता. हा सल्ला तंतोतंत खरा ठरला, हेच दुर्दैव.

चहाच्या टपरीवर बसून मी सहज आवाज टाकला, “कुणाला बायका-लेकरांसकट हिंगोलीला यायचंय का? राहायची सोय मी करतो.”

शेजारच्या बाकड्यावरचा माणूस सरकून जवळ आला. “किती कोयते पायजेत?”

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि पावसाळा सरत आला की मुकादम लोक गावोगाव असे कोयते गोळा करत फिरतात. हे मला ठाऊक होतं. पण स्वतःला कुणी मुकादम समजेल हे डोक्यात आलं नाही. मी म्हणालो, “कोयता नको. माणूस पाहिजे.”

“कारखाना कोणता?”

“कारखाना नाही. वस्ती.”

“मंग काम काय?”

“काम काही नाही. नुसतं राहायचं.”

तो माणूस माझ्याकडं फार बारकाईनं पाहू लागला. तोवर दहा-पंधरा जण जमले होते. मी उठून नीट समजावून सांगितलं की तीन आठवड्यांनी सत्कार होईल, शाल मिळेल, फोटो निघेल. त्यासरशी एका म्हाताऱ्यानं आपल्या पोराचा दंड धरला आणि त्याला मागं ओढलं. “काम न्हाई म्हणतो अन् शाल देतो,” तो म्हणाला. “चल तू घरला.”

एवढ्यात खरा मुकादम आला. पांढरेशुभ्र कपडे, कमरेला मोबाइल. “काहून हो, आमच्या गावात परस्पर टोळी उचलून राहिले का?” मी खिशातून कचेरीचं ओळखपत्र काढलं. त्यानं ते हातात घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला आणि जमलेल्यांना म्हणाला, “हा माणूस दुसराच हाय.” फोटो नोकरीला लागलो तेव्हाचा होता आणि त्यात मला भरपूर केस होते. मी हे सांगायला लागलो, पण सभ्य माणसानं भर बाजारात आपल्या टकलाचा खुलासा किती द्यायचा याला मर्यादा असते. मी चहा अर्धा ठेवून जीपच्या दिशेनं निघालो.

मागून एक बाई आली. चाळिशीची असेल, डोक्यावर पदर, हातात खुरपं. “भाऊ, जयभीम. खरंच खोली हाय का?”

तिचं नाव चांगुणा. नवरा दोन वर्षांमागं वारला, ही रोजंदारीनं दुसऱ्याच्या शेतात जाते. मुलगी एक, पुजा. दहावीला शाळेत पहिली आली आणि हिंगोलीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला तिनं नाव घातलं. “साडेचारला उठती,” चांगुणा सांगत होती. “सहाची जीप धरती, तिच्यामागून धा वाजेपस्तोर दुसरी न्हाई. प्रॅक्टिकल असलं की परतीला जीप न्हाई. परवा मागं लटकून आली, हात सोलपटला. तिचा चुलता म्हणतो, बास झालं कॉलेज. दिवाळीपस्तोर खोली झाली तर झाली, न्हाईतर नाव काढायचं. पोरगी काही बोलत न्हाई. नुसती पुस्तकं आवरून ठिवती अन् परत काढती.”

“मग बाराखोपीत येऊन विचारायचं की, ताई,” मी जरा रागावूनच म्हणालो. “आपली वस्ती असताना—”

“इचारलं की. जूनमधी पाच घरं फिरले.”

“कोणाची घरं? नावं सांगा.”

“नावं कुठली ठावं. एक तर तुमचंच व्हतं, भाऊ. तुमी वट्ट्यावर पेपर वाचून राहिले व्हते. वर न बघता म्हणले, फकस्त बदलीवाले.”

तिनं हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. ऊन फार आहे, असं सांगावं तसं सांगितलं. मला तिचा चेहरा आठवेना, आणि आठवणार कसा, वर पाहिलंच नव्हतं. सरळच सांगतो, मला लाज वाटली. लोक मला मुकादम म्हणाले तेव्हा अभिमान दुखावला होता, पण ते वेगळं. इथं मी त्या बाईच्या खुरप्याकडं बघत उभा राहिलो आणि मला माझा बाप आठवला, जो एक पितळी तांब्या आणि एक घोंगडी घेऊन बाराखोपीत आला होता.

“ताई,” मी म्हणालो, “महोत्सवाच्या आदल्या शनिवारी गाठोडं घेऊन या. खोली मिळाली समजा. कायमची.”

हे ‘समजा’ कचेरीतलं होतं. आमच्याकडं काम झालं समजा म्हणतात तेव्हा फाइल अजून उघडलेली नसते.

कारण खोली देणार कोण? माझी खोली मी मनातसुद्धा धरली नव्हती, तिथं टॉवेल होता. मी शेजाऱ्यांकडं गेलो. तुम्हाला सांगतो, एवढं प्रेम, एवढा जिव्हाळा मी आजवर पाहिला नाही. चांगुणाची हकीकत ऐकून एकूणएक घर हळहळलं, आणि एकूणएक घरानं शेजारचं घर सुचवलं. सोनाजीच्या तर डोळ्यात पाणी आलं. “माझी खोली आत्ता दिली असती हो,” तो म्हणाला, “पण तिचं तोंड पश्चिमेला हाय. दुपारी ऊन येतं. अभ्यासाच्या लेकराच्या डोळ्याचा प्रश्न हाय, जोखीम कशी घ्यायची?” मिस्त्रीनं जिन्याच्या पायऱ्या उंच असल्याचं कारण दिलं. त्या त्यानंच बांधल्या होत्या. बँकेच्या मॅडमच्या घरमालकानं सुचवलं की समितीनं ठराव घ्यावा. समितीनं ठराव घेतला. ‘खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थिनींना वस्तीत प्राधान्य द्यावे’ हा ठराव एकमतानं मंजूर झाला आणि चहा घेऊन सगळे घरोघर गेले.

त्यात गुरुजींनी नवीनच काढलं. नवा रहिवासी खराच रहिवासी आहे याचा दाखला पाहिजे. मी दाखल्याच्या खिडकीवर गेलो. खिडकीतला म्हणाला, रेशन कार्ड आणा. रेशन कार्डवाल्यानं भाडेपत्र मागितलं. भाडेपत्र करणारा म्हणाला, भाडेकरूचा रहिवासी दाखला आणा. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी संतापलो असतो, पण अशी वाट मी स्वतः माझ्या टेबलावर किती जणांना दाखवली होती. शेवटी गुरुजींना म्हणालो, दाखला नाही मिळत, तुम्ही येऊन चूल पेटलेली बघा. हे ऐकून रुक्मामाय एकदम ताठ बसली.

“चूल म्हणलं तर दगड लागतेत,” ती म्हणाली. “तीन घरचे तीन. ज्याच्या घरी उतरलं त्याचा चालत न्हाई.”

ही बाराखोपीची जुनी रीत. नवीन माणूस आलं की शेजारच्या तीन घरांनी चुलीसाठी एकेक दगड द्यायचा. म्हणजे आलेलं माणूस एका घरमालकाचं राहत नाही, वस्तीचं होतं, आणि ते आपणहून चूल हलवत नाही तोवर त्याला ऊठ म्हणायचा कुणाला हक्क नाही. गुरुजींनी मान डोलावली. “दाखल्यापेक्षा हे बराबर हाय. तीन दगड मांडा, मी सही करतो.”

शनिवार आला तेव्हा माझी परिस्थिती अशी होती. कुणीच खोली दिली नाही, म्हणून मी शुक्रवारी राणीला म्हणालो होतो, “महोत्सवापुरतं दोघी मायलेकींना वर राहू दे. दोनच दिवस.” राणीनं टॉवेल उचलून घेतला, पण तोंड वाकडं करून. इकडं चांगुणाला मी ‘कायमची’ म्हणून बसलो होतो. आणि शनिवारी सकाळी कचेरीत त्या उपअभियंता साहेबांचा फोन आला, “पाईकराव, ऑर्डर निघाली. सोमवारी सामान घेऊन येतो.” मी काय म्हणालो असेन? मी उभा राहिलो. फोनवर बोलताना उभा राहिलो आणि म्हणालो, “या, साहेब, या.” अठरा वर्षांत जिभेला दुसरं काही शिकवलंच नाही.

संध्याकाळी पाचला मायलेकी आल्या. एक ट्रंक, एक गाठोडं, पुस्तकांची पिशवी पोरीच्या छातीशी. आणि मी दगड शोधत वस्तीत फिरत होतो. तुम्ही कधी टाइल्सच्या वस्तीत दगड शोधलाय? संगमरवराच्या कपच्या मिळतात, गट्टू मिळतात, सोनाजीनं तर शिल्लक राहिलेली बाथरूमची टाइल आणून दिली आणि तिच्यावर गुलाबाचं चित्र होतं. ‘दगड’ मिळत नाही. रुक्मामायनं मात्र आपल्या न्हाणीतून एक काळाकभिन्न दगड ओढून काढला. तिच्या पहिल्या खोपीच्या चुलीतला होता, पन्नास वर्षं ती त्यावर बसून अंघोळ करत होती. “ने,” ती म्हणाली, “आता म्या पाटावर बसन.”

दुसऱ्यासाठी मी सोनाजीला रुळांकडं घेऊन गेलो. वाटलं, तिथला एखादा दगड त्यानं उचलून दिला की त्याच्या घरचा झाला. सोनाजीला वाकवेना, म्हणून मी वाकलो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

“क्या उठाया?” रेल्वे पोलिसानं विचारलं.

“पत्थर.”

“काहे को?”

मी रीत सांगितली. बारा खोप्या, तीन घरं, नवा रहिवासी. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “पटरी का पत्थर सरकारी है.” मी म्हणालो, मीही सरकारीच आहे. तो म्हणाला, मग तर तुम्हाला ठाऊक पाहिजे. सोनाजी एव्हाना फाटक ओलांडून पलीकडं गेला होता आणि तिथून काळजीनं बघत होता. चौकीत माझा जबाब झाला. ‘मी शुद्धीवर असताना स्वखुशीने एक नग दगड उचलला.’ वर्णनाच्या रकान्यात काय लिहावं यावर आम्ही दोघंही अडलो. शेवटी मीच, लिहिण्याची सवय असल्यानं, मजकूर सांगितला, “रंग काळा, आकार दगडासारखा.” त्याला तो पटला. दगड जागेवर ठेवून मला सोडलं.

परत आलो तर सोनाजी वरवंटा घेऊन दारात उभा. त्याच्या आईचा. मिक्सर आल्यापासून माळ्यावर पडून होता. “तुमाला आत नेलं तवा मला लई वाईट वाटलं,” तो खाली बघत म्हणाला. “हा घ्या. आडवा मांडला की बसतो चुलीला.”

तिसरा दगड गुरुजींनी दिला, आणि तो माझ्या मनाला लागला. महोत्सवासाठी काळ्या दगडाची कोनशिला करून आणली होती. ती उतरवताना दोन तुकडे झाले. वरचा तुकडा सिमेंटनं बसवायचं ठरलं आणि खालचा, ज्याच्यावर ‘सचिव: प्रमोद पाईकराव’ असं फार सुरेख कोरलं होतं, तो गुरुजींनी आपल्या घरात दाराला अडसर म्हणून लावला होता. तोच त्यांनी उचलून दिला. जगात माझं नाव एकदाच दगडावर कोरलं गेलं आणि त्याच्यावर पातेलं बसलं.

गच्चीवर वाळू पसरून, राणीच्या देखरेखीखाली, चूल मांडली. वस्ती जमली. चांगुणा ती चूल बघून हळूच म्हणाली, “भाऊ, एवढा तरास काहून घेतला? माझ्याजवळ रॉकेलचा इस्टो हाय की.”

तरी पहिला चहा चुलीवरच झाला. धूर फार झाला, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण सगळंच पाणी धुराचं नव्हतं. रुक्मामायनं पुजाच्या हाताचं सोलपटलेलं कोपर धरलं आणि सोडलंच नाही.

रविवारी महोत्सव झाला. मंडप भरलेला, राणी पहिल्या रांगेत नव्या साडीत. मी ते वाक्य वाचलं, या वेळी टाळ्यांसाठी थांबलो नाही. मग चांगुणाला शाल दिली आणि गुरुजींनी माइक तिच्यापुढं धरला. ती गडबडली. पदर सावरून म्हणाली, “मला बोलता येत न्हाई. परमोदभाऊ म्हणले, खोली कायमची. पोरीच्या चुलत्याला म्या सांगून आले, आता नाव काढायचं न्हाई. तुमची शाल मोठी हाय, पण मला नुसतं हितं राहू द्या. बस.”

पहिल्या रांगेतून राणीनं माझ्याकडं पाहिलं. मी सतरंजीकडं पाहिलं.

घरी आल्यावर ती काही बोलली नाही. जेवायला वाढलं, बोलली नाही. मी साहेबांच्या फोनचंही सांगून टाकलं, कारण आता वाईट अजून किती वाईट होणार. तरी बोलली नाही. भांडी घासून ती वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. जिन्यातून मला पुजाचा आवाज येत होता, जीपमध्ये माणसं कशी बसतात ते ती सांगत होती. मागच्या बाजूला पाय ठेवायला पट्टी असते, तिच्यावर दोघी उभ्या राहतात, एकीनं दुसरीचं दप्तर धरायचं. मग राणीचा आवाज आला. ती आठवीत असतानाचं सांगत होती. बस बंद झाली आणि तिची शाळाही तिथंच राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला वाटत होतं तिला शाळा आवडत नव्हती. मी कधी विचारलं नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला दारात टेम्पो येऊन थांबला. पुढं साहेबांची जीप. कपाट, पलंग, टीव्ही, गुंडाळलेली गादी. टेम्पोच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. मी बनियनवर होतो. आतल्या खोलीत शर्ट शोधायला गेलो, तो सापडला, आणि सापडूनही मी शोधत राहिलो. खिडकीतून साहेब हसऱ्या चेहऱ्यानं वर बघताना दिसत होते. आपण बाहेर जाऊन काय म्हणणार हे मला अगदी नीट ठाऊक होतं. मी ‘या, साहेब, या’ म्हणणार होतो.

एवढ्यात चांगुणा जिन्यावरून पळत खाली आली. ओशाळून राणीला म्हणाली, “वहिनी, चुकलं आमचं. सात वाजले अन् पोरगी अजून झोपूनच हाय. कॉलेज लागल्यापासून एवढी झोपली न्हाई ती. आता उठवते, लगेच आवरतो आमी.”

“उठवू नको,” राणी म्हणाली. पूर्ण एक संध्याकाळ आणि एक रात्र झाल्यावर माझ्यादेखत ती बोलली ते हे पहिले शब्द. “कॉलेज धा वाजता हाय ना? हितनं चालत पंधरा मिनिटं. झोपू दे.”

मग ती तशीच, पिठाच्या हातांनी, फाटकाबाहेर गेली. साहेब नमस्कार करायला पुढं झाले. राणीनं त्यांच्याकडं नंतर पाहिलं. आधी ती टेम्पोपाशी गेली, ड्रायव्हरच्या हातावर आपला पिठाचा हात ठेवला आणि बोटानं वरची खोली दाखवली.

“हॉर्न वाजवू नका,” ती म्हणाली. “वर आमचं लेकरू झोपलंय.”